अकरा अर्धवट गावांचे मास्साब

टीव्हीच्या पडद्यावर नावं खालून वर सरकायला लागली की आमचे वरचे भाडेकरू उठून उभे राहत. नुसते उभे नाही. पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण लावून, हात सरळ सोडून, फलाटावर गाडी पास करायला उभे राहतात तसे. नावं सगळी जपानी माणसांची. कुणी चित्रं काढलेली, कुणी बाजा वाजवलेला. पंधरा-पंधरा, वीस-वीस मिनिटं ती सरकत राहत. शेवटचं नाव वर जाऊन पडदा काळा झाला की ते एकदा मान हलवत आणि मग खुर्चीत बसत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं राष्ट्रगीत लागलंय, म्हणून मीही हातातलं लाटणं खाली करून उभी राहिले.

मास्साब हे नाव गल्लीने ठेवलेलं. इकडे झाशीत मास्साब म्हणजे शाळेतले मास्तर. हे होते रेल्वेचे स्टेशन मास्तर. मूळचे भुसावळकडचे, पण सगळी नोकरी झाशीच्या आजूबाजूच्या लहान-लहान स्टेशनांवर झालेली. सुरुवातीला प्रत्येकाला सांगत, भैया, स्कूलवाला नहीं, स्टेशनवाला. पुढे कंटाळून सोडून दिलं आणि पोरांच्या गणिताच्या वह्यासुद्धा तपासून देऊ लागले.

आमचं घराणं इथलं जुनं, मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेलं आणि राहून गेलेलं. मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत आता मराठी बोलणारं दुसरं घर नाही. तेव्हा वरच्या खोलीला मराठी माणूस येतोय म्हटल्यावर मी ह्यांना न विचारताच किल्ली देऊन टाकली. हे म्हणजे आमचे हे, बँकेतून निवृत्त, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल ज्यांना मत आहे असे.

मास्साबांचं सामान काय, तर एक खाट, एक जुना जाडजूड टीव्ही, दोन पातेली आणि एक काळी लोखंडी पेटी. पेटी त्यांनी हमालाला उचलू दिली नाही, स्वतः धरली. त्यांच्या मंडळी जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी मनात म्हटलं, बायकोच्या साड्या असतील बिचारीच्या. चार दिवसांनी चहा घेऊन वर गेले तर पेटी उघडी. आत व्हिडिओ गेम. अकरा.

खाली येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, भाडं आगाऊ घेतलंयस ना, मग खेळू दे.

तर ते खेळ म्हणजे मोटारी पळवायचे, धाडधाड गोळ्या झाडायचे, तसले नव्हेत. मास्साबांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. हे पोथीसारखे लांबलचक असतात. एक मुलगा आपल्या गावातून निघतो, गावोगाव फिरतो, लोकांचे निरोप पोचवतो, मारामाऱ्या करतो, शिकतो, जाणता होतो आणि शेवटी एका राक्षसासमोर उभा राहतो. एकेक खेळ साठ-साठ, ऐंशी-ऐंशी तासांचा. यंत्र त्यांनी मुंबईहून आणलेलं, चाळिशीत असताना. लहान स्टेशनावर दिवसाला चार गाड्या थांबणार, बाकी वेळ काय करायचं माणसाने? पण प्रत्येक खेळाची एकच गत झाली. अर्धा होतो न होतो तोच बदलीची ऑर्डर, नाहीतर मुलीची परीक्षा, नाहीतर मंडळींचं आजारपण. की यंत्र पेटीत. नव्या स्टेशनावर नवा खेळ. असे अकरा खेळ अर्धवट राहिले.

मी म्हटलं, मग जाऊ द्या की आता, राहिले तर राहिले. पोथी अर्धी सोडली तर दोष लागतो, खेळाला काय.

मास्साब चष्मा पुसत होते. डाव्या डोळ्याने त्यांना तेव्हाच कमी दिसत होतं. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळा. ते म्हणाले, "वहिनी, आपण यंत्र बंद केलं की तिथली माणसं जिथल्या तिथे उभी राहतात. एका गावात एक म्हातारी विहिरीपाशी उभी आहे. तिचा नातू हरवलाय. शोधून आणतो म्हणालो मी तिला, आणि दुसऱ्या दिवशी बदली झाली. वीसच्या वर वर्षं झाली. डोळे आहेत तोवर एवढं उरकायला हवं."

माझं हसू तोंडातच राहिलं.

म्हातारीचा तो खेळ सगळ्यांत मोठा, म्हणून त्यांनी तो शेवटी ठेवला होता. आधी दहा लहान, मग ती. रेल्वेतही असंच करतात म्हणे, लांबच्या मालगाडीला बाजूला उभी करून लहान गाड्या पुढे काढतात. त्या कारभारात मालगाडी किती तास उभी राहते हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी त्यांना म्हटलं असतं, आधी म्हातारी घ्या.

मास्साब खेळत नसत, ड्यूटी करत. सकाळी आठ ते बारा. आंघोळ, पूजा, पांढरा शर्ट, आणि आठला टीव्ही चालू. मध्ये कुणी आलं तर जिन्यावरूनच सांगायचं, मास्साब ड्यूटीवर आहेत. दूधवाल्यालासुद्धा ते पाठ झालं होतं. बाराला हिरोला एखाद्या सरायमध्ये नेऊन झोपवायचं, खेळ सेव्ह करायचा, आणि मग चार्जची डायरी. स्टेशनावर पाळी संपली की जाणारा मास्तर डायरीत लिहितो, कुठली गाडी कुठे उभी आहे, काय बाकी आहे, आणि येणारा ते वाचून सही करतो. न वाचता सही करायची नाही. मास्साब खेळाचंही तसंच लिहीत. जाणारेही तेच आणि दुसऱ्या दिवशी येणारेही तेच, तरी रोज सकाळी वाचून स्वतःच्याच अक्षराखाली सही करत. 'हिरो सरायमध्ये. तलवार बोथट. नदीपलीकडच्या लोहाराला भेटणे.' असं मोत्यासारखं अक्षर. खेळ कुठलाही चालू असो, पानाच्या तळाशी शेवटची ओळ एकच: 'विहिरीवरची म्हातारी, बाकी.'

त्या खेळांत कुठल्याही घरात घुसायची मुभा असते. घुसायचं, कपाटं उघडायची, मडकी फोडायची, आत जे सापडेल ते आपलं. मास्साब मडकी फोडत नसत. लोकांच्या घरात शिरून असले उद्योग करणाऱ्याला हिरो कोण म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. पण गावात शिरले की प्रत्येक माणसाशी बोलत. कोंबड्या हाकणाऱ्या पोरीशी, दारावरच्या शिपायाशी, सगळ्यांशी. आणि त्यांचं पडद्यावर येणारं इंग्रजी बोलणं मनातल्या मनात वाचून मोठ्याने मराठीत म्हणत. मी खाली भाजी चिरत असायची आणि वरून ऐकू यायचं, काय काका, यंदा पीकपाणी कसं? अच्छा, डोंगरात अजगर आलाय होय. आमचे हे म्हणत, वर एवढी माणसं कधी आली.

दुसरी एक खोड मात्र वाईट. औषधाची. लढाईत जखमा झाल्या की द्यायला तिथे औषधाच्या बाटल्या मिळतात. एका पिशवीत नव्व्याण्णव मावतात. मास्साबांच्या पिशवीत कायम नव्व्याण्णव. हिरो लंगडतोय, त्याच्या जिवाची रेघ लाल झालीये, मी जिन्यातून ओरडतेय, अहो पाजा त्याला एखादी, आणि मास्साब म्हणणार, नको वहिनी, पुढे मोठं संकट आलं तर? ते मोठं संकट आलं तरी हेच. त्यांचे हिरो पिशवीभर औषध पाठीवर घेऊन मरून पडत. मग मास्साब मागच्या सेव्हपासून पुन्हा सुरू करत, पण बाटलीला हात लावत नसत.

पाचव्या खेळाच्या वेळी मी त्यांचं नुकसान केलं. ते सांगायलाच हवं.

जेठ महिना, झाशीचं ऊन, आणि सकाळपासून बिजली नाही. सगळं इन्व्हर्टरवर. मास्साबांनी साडेअकराला राक्षस मारला. तेवढ्यात खाली सिलिंडरवाला आला, म्हणून मला म्हणाले, जरा बसा, आणि उतरले. पडद्यावर नावं सरकायला लागली. खालून ह्यांची हाक, पंखा हळू पडलाय, वर काय चाललंय. मी म्हटलं, राक्षस मेला, गोष्ट संपली, नावं काय वाचायचीत. आणि बटण बंद केलं.

मास्साब वर आले. काळा पडदा बघितला. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "शेवटचा डबा बघितलात?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक खूण असते, रात्री लाल दिवा असतो. स्टेशनातून गाडी जाते तेव्हा मास्तराने ती खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. इंजिन आलं, बारा डबे आले, म्हणजे गाडी आली असं नाही. एखादा डबा सुटून मागे रुळावर राहिला असेल, आणि तुम्ही मागच्या स्टेशनाला लाइन क्लिअर दिलीत, म्हणजे रस्ता मोकळा आहे असं कळवलंत, तर मागून येणारी गाडी त्या डब्यावर येऊन आदळेल. त्या खेळात नावांच्या शेवटी अजून एक प्रसंग होता, आणि त्यानंतर सेव्ह. तो डबा मी मागे रुळावर सोडला होता. त्यांना तो राक्षस परत मारावा लागला. तीन दिवस. तीन दिवस मी गपगुमान वर चहा ठेवून येत होते. चौथ्या दिवशी नावं सुरू झाल्यावर त्यांनीच हाक मारली आणि आम्ही दोघं उभे राहिलो.

त्यानंतर मी कुठलीच गोष्ट अर्ध्यावर उठून संपली म्हटलेली नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेवटच्या माणसाने ताक प्यायल्याशिवाय मी हात धुवायला जात नाही. हे हसतात.

दहा खेळ व्हायला चार वर्षं लागली. चौथ्या वर्षी मास्साब पडद्याच्या इतके जवळ बसत की नाक टेकेल. एक दिवस ते लक्ष्मी तालाच्या काठाने फिरायला गेले होते आणि जाताना मला सांगून गेले होते की पेटीतून म्हातारीचा खेळ ज्यावर सेव्ह आहे ते कार्ड काढून ठेवा, उद्यापासून ती घेऊ. मी पेटी उघडली. कार्डाच्या डबीशेजारी बिस्किटांचा एक चौकोनी डबा होता. कार्ड त्यात असेल म्हणून उघडला. आत डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्या. चौदा. सील न तोडलेल्या. रेल्वेच्या दवाखान्यातून दर महिन्याला मिळायच्या त्या. निम्म्यांची तर तारीखही उलटून गेलेली.

मी तशीच डबा मांडीवर घेऊन बसून राहिले, ते येईपर्यंत.

"मास्साब, हे काय आहे?"

ते उंबऱ्यातच थांबले. "ठेवणीतलं आहे."

हळूहळू बोलले मग. रोज दोन वेळा दोन्ही डोळ्यांत घालायचं औषध, मास्साब सकाळी एकदा घालत, तेही डोळा दुखला तर. बाटली लवकर संपू नये म्हणून. एका लहान स्टेशनावर असताना मुलगी तापाने फणफणली होती. औषध झाशीहून गाडीच्या गार्डबरोबर यायचं होतं आणि गाडी सहा तास उशिरा आली. पोर वाचली. पण तेव्हापासून घरात औषध संपलेलं त्यांना बघवत नाही. संपलं आणि मग लागलं तर?

मी म्हटलं, "अहो, ते संपण्यासाठीच असतं. तुमच्या यंत्रात मागे जाता येतं, डोळ्यांत येतं का?"

"नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून थेंबांचा चार्ज मी घेतला. जुन्या बाटल्या फेकल्या, नव्यातली फोडली, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्याच डायरीत लिहून सही. पण डावा डोळा गेलाच होता, आणि उजव्यालाही आता अक्षर लागत नव्हतं. चित्रं हलताना दिसत, वाचता येत नसे. म्हातारीचा खेळ तर सगळा वाचण्याचा.

मग मी वाचायला बसले. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं मी मुलांच्या पुस्तकांतून स्वतःच उचललेलं, इंग्रजी म्हणजे एकेक अक्षर लावत. मी अक्षरं सांगायची, मास्साब शब्द जोडायचे आणि मराठीत म्हणायचे. एका शिपायाचं बोलणं व्हायला पाव तास. ड्यूटी बारा ऐवजी एकपर्यंत चालायला लागली, माझी आमटी दोनदा करपली, आणि ह्यांनी खालून सुनावलं की आधी कोणता राक्षस मारायचा, पडद्यावरचा की माझ्या पोटातला, ते ठरवा. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं फार सुंदर वर्ष होतं. त्या वर्षात मी इतकी गावं बघितली, समुद्र बघितला, बर्फ बघितलं, आणि संध्याकाळी खाली येऊन पोळ्या लाटल्या.

मुलीचे फोन वाढले होते. तिला मराठी येतं, पण झाशीत वाढलेली, जीव घाबरला की हिंदीवर येते. काकू, बाबांना समझाओ ना, एकटे जिन्यावरून पडले तर? ती बरोबरच होती. मास्साब म्हणत, म्हातारीचं काम होऊ दे, मग येतो. शेवटी दिवाळीला ती स्वतः आली आणि तिकीट काढूनच आली. नातू तेव्हा एका बंदराच्या गावात असल्याचा पत्ता लागला होता. त्याला आणायचं आणि मग शेवटची लढाई, एवढंच बाकी होतं.

निघायच्या सकाळी मास्साबांनी मला डायरीत चार्ज लिहून दिला. अंदाजाने लिहिलेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. 'यंत्र एक, टीव्ही एक, कार्ड एक. हिरो बंदराच्या सरायमध्ये. औषधं नव्व्याण्णव. आधी म्हातारी, मग लढाई.' मी सही करायला पेन घेतलं तर म्हणाले, "वाचून करा." मी मोठ्याने वाचलं आणि सही केली.

स्टेशनावर त्यांनी खिडकीतून हात काढला होता, पण आमच्या बाजूला नव्हे. दिसलंच नाही त्यांना आम्ही कुठे आहोत ते. गाडी सुटली तरी मी शेवटचा डबा जाईपर्यंत उभी. गार्डाने मला हात केला. हे म्हणाले, ओळखीचा आहे का.

तो खेळ पुरा करायला मला सात महिने लागले. दुपारी दोन ते चार. माझा हिरो भिंतींवर आपटायचा, पाण्यात पडायचा. हे आधी टोमणे मारायला वर यायचे, मग स्टूल घेऊन बसायला लागले, मग सांगायला लागले की दरवाजा डावीकडे आहे, तुला दिसत नाही का. इंग्रजीही तेच वाचायला लागले.

नातू बंदरावर जाळी विणत होता. त्याला घेऊन आम्ही सगळा मुलूख उलटा चाललो आणि विहिरीच्या गावात पोचलो. म्हातारी होती तिथेच. निळं लुगडं म्हणा, झगा म्हणा, आणि हातात बादली. तिला काय ठाऊक मध्ये किती वर्षं गेली. नातवाला म्हणाली, आलास, चल, जेवण गार होतंय. आणि आमच्याकडे वळून म्हणाली, माझ्याकडे देण्यासारखं काही नाही, हे घ्या. दिली काय, तर औषधाची बाटली. आणि खाली यंत्राचं वाक्य आलं. ह्यांनी दोनदा वाचलं. पिशवीत जागा नाही, घेता येत नाही.

म्हातारी हात पुढे करून उभी. मी ह्यांच्याकडे बघितलं. मग हिरोला एक बाटली पाजली. काही झालं नव्हतं त्याला, ठणठणीत होता. तरी पाजली. मास्साबांच्या सगळ्या खेळांत फोडलेली ती पहिली बाटली. जागा झाली आणि म्हातारीची आत ठेवली.

लढाईत मात्र मी हात आखडला नाही. राक्षसाने एक फटका दिला की एक बाटली, दोन दिले की दोन. तिसऱ्या दुपारी राक्षस पडला आणि नावं सुरू झाली. त्याच वेळी बिजली गेली, इन्व्हर्टर चीं चीं करायला लागला. हे बटणाकडे गेले. मी म्हटलं, थांबा, शेवटचा डबा यायचाय. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, आणि त्या उकाड्यात आम्ही दोघं म्हातारी माणसं टीव्हीसमोर उभे राहिलो. नावं गेली. नावांच्या मागून एक प्रसंग आला. विहीर, आणि विहिरीपाशी कुणी नाही. नुसती बादली. मग सेव्ह.

डायरी काढली. 'म्हातारी, बाकी' ह्या ओळीखाली लिहिलं, 'म्हातारी घरी गेली.' आणि पुण्याला फोन लावला. मुलीने त्यांच्या कानाशी धरला.

"मास्साब, गाडी पूर्ण आली."

"शेवटचा डबा?"

"माझ्या डोळ्यांनी बघितला. ह्यांनीही."

मागून मुलगी म्हणत होती, बाबा, ड्रॉप्सची वेळ झाली. घालतोय गं, दोन्ही डोळ्यांत, म्हणाले. मग मला विचारलं, "औषधं किती उरली?"

हे शेजारून म्हणत होते की पिशवीतल्या सगळ्या बाटल्या सारख्याच, कुठली कुणाची कसं सांगणार. मी त्यांना गप्प केलं.

"एक," मी म्हटलं. "म्हातारीने दिलेली. ती नाही कुणाला पाजली."

मास्साब म्हणाले, "बरोबर केलंत, वहिनी. एखादी ठेवणीत असावी."